पाचवी ‘ब’ची भिंत

माझ्या आत्याला शाळेत सगळे डिडबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं. पाचवीच्या मुलांना इंग्रजी क्रियापदं शिकवण्यात तिची एकवीस वर्षं गेली, आणि त्या वर्षांत “डिड आला की क्रियापद मूळ रूपात!” हे ती किती हजार वेळा ओरडली असेल ते तिलाच ठाऊक. कुणी “डिड नॉट वेन्ट” म्हटलं की ती डोळे गच्च मिटून घ्यायची, दाढ ठणकल्यासारखे.

ती बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलंच तर म्हणायची, “अनियमित क्रियापदं फार आहेत हो, वेळच मिळाला नाही.” आमच्याच घरात समोरच्या खोलीत राहायची. बाबा सुतार. संध्याकाळी ते अंगावरचा भुसा झटकून स्वयंपाकघरात येत, तेव्हा आत्या टेबलावर वह्यांचा ढीग घेऊन बसलेली असायची. हिरव्या शाईचं पेन. लाल शाईनं पोरं बुजतात, असं तिचं म्हणणं.

तिची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. पहिल्या आठवड्यात ती वर्गाला बाकावर बसूच द्यायची नाही. स्टॅण्ड म्हटलं की उभं राहायचं, टर्न म्हटलं की वळायचं, जम्प म्हटलं की उडी. अंगात शिरलं की वहीत उतरतं, म्हणायची. मग सुरू व्हायची रोजची पाच वाक्यं. “पुस्तकातला मुलगा रोज सकाळी सफरचंद खातो. तो मला नको. तुम्ही आज काय पाहिलंत ते लिहा. कर्ता, क्रियापद, बस्स.”

त्यामुळे तिच्याकडे येणाऱ्या वाक्यांना तोड नव्हती. माय सिस्टर लाइज. द कॅट स्टील्स अँड रन्स. हेडसर स्लीप्स इन ऑफिस. आत्या ती वाचून दाखवायची आणि आम्ही जेवता जेवता हसायचो. हेडसरांच्या वाक्यावर तिनं ‘गुड’ लिहून पुढे कंसात ‘पण मोठ्यानं वाचू नकोस’ असं लिहिलं होतं.

त्या वर्षीचं पहिलं वाक्य मला आठवतं, कारण ते पुढे मी दुसऱ्या एका खोलीबाहेर बसूनही ऐकलं. “द डोअर क्राइज.”

“दार रडतं म्हणे!” आत्या खूश होती. “पण बघ ना, वाय काढून आय-ई-एस केलंय. न सांगता.”

“बिजागरीला तेल घाला म्हणावं,” बाबा म्हणाले.

आत्यानं हिरव्या शाईत ‘व्हेरी गुड’ लिहिलं.

चारपाच दिवसांनी आलं, “यस्टरडे द डोअर क्लोज्ड. टुडे इट डज नॉट क्लोज.” डज नॉटनंतर क्रियापद मूळ रूपात. आत्यानं टेबलावर थाप मारली. मग एका शेवटच्या बाकावरच्या मुलाचं, ज्याला महिनाभर एक एस लावता येत नव्हता त्याचं, “डस्ट फेल ऑन माय नेक.” फॉल्ड नाही, फेल! त्या संध्याकाळी ती इतकी आनंदात होती की आईनं विचारलं, बढती मिळाली का म्हणून.

आम्हीही हसलोच होतो. हे मला सांगितलंच पाहिजे. नंतर लोक आत्याबद्दल बोलायला लागले तेव्हा मी गप्प बसायची, कारण त्या टेबलाशी मीही होते, चांगली सतरा वर्षांची.

वर्गात भिंतीलगतच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिला सगळे पट्टी म्हणायचे, कारण तिच्या हातात कायम फूटपट्टी असे आणि ती दिसेल ते मोजायची. बाक मोजायचा, डबा मोजायचा, शेजारणीचं नाक मोजायचं. तिची वाक्यं सगळी एकाच विषयावर येऊ लागली. “द वॉल ईट्स माय स्केल.” मग, “माय पेन्सिल गोज इन द वॉल.” आणि एका शुक्रवारी, “माय पेन्सिल वेन्ट इन द वॉल. इट डिड नॉट कम.”

“डिड नॉट कम!” आत्यानं वही माझ्या नाकासमोर धरली. “पाचवीतली पोर! सातवीची मुलं चुकतात इथे.”

आईनं भाजी चिरता चिरता विचारलं, “पण पेन्सिल भिंतीत गेली कशी?”

“अगं, मुलं काहीही लिहितात,” आत्या म्हणाली आणि पुढची वही उघडली.

त्यानंतरच्या मंगळवारी काय झालं ते आत्यानं मला इतक्या वेळा सांगितलंय की मी वर्गातच होते असं वाटतं. दुपारचा तास. पट्टीनं हात वर केला.

“बाई, ओपन्स म्हणजे नेहमी उघडते ना? दारासारखी? म्हणजे उघडते आणि मिटते.”

“हो.”

“आणि ओपन्ड म्हटलं की उघडून झालं. संपलं.”

“शाब्बास. संपलं.”

“मग संपलं नसेल तर काय लिहायचं?”

“म्हणजे?”

“म्हणजे सकाळी थोडी उघडली होती, मधल्या सुट्टीनंतर आणखी थोडी. अजून उघडतेच आहे. त्याला कुठलं क्रियापद?”

“इज ओपनिंग,” आत्या सवयीनं म्हणाली. चालू काळ पुढच्या महिन्यात शिकवायचा होता, पण प्रश्न इतका नेमका होता की ती लिहायला फळ्याकडे वळलीसुद्धा. खडू टेकला. ‘द वॉल इज’ इतकं लिहून झालं आणि हात तिथंच राहिला.

वर्गात चाळीस मुलं होती आणि एकही बोलत नव्हतं. आत्या म्हणायची, “तेव्हा मला पहिल्यांदा ते ऐकू आलं.” बारीक, वाळूचे कण कागदावर पडावेत तसं काहीतरी.

पट्टीच्या बाकाशेजारी भिंतीवर आत्याचाच तक्ता होता. गो, वेन्ट, गॉन. कम, केम, कम. छताजवळून थेट बाकामागे उतरणारा, कापडाची किनार लावलेला. तिथलं प्लास्टर उडून भिंत खराब दिसत होती म्हणून तीन वर्षांपूर्वी तिनं तो स्वतःच्या हातानं टांगला होता. आता त्याचा वरचा एक खिळा निसटला होता आणि तक्ता दुसऱ्या खिळ्याला तिरका लोंबत होता. तिनं तो उचलला.

फट जमिनीपासून निघून छतापर्यंत गेली होती. खाली बोटाएवढी, वर तळहात जाईल एवढी. आतून गार हवा येत होती. कडेला पेन्सिलीनं बारीक रेघा मारून प्रत्येकीपुढे तारीख लिहिलेली होती. पट्टीचं अक्षर. शेवटच्या दोन रेघा त्याच दिवशीच्या होत्या, एक सकाळची आणि एक दुपारची.

आत्यानं मुलांना दप्तरं घ्यायला लावली आणि रांगेनं बाहेर नेलं. ओरडली नाही. पाय न आपटता चाला, एवढंच म्हणाली.

शाळा सुटल्यावर ती बाबांना तिथं घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. बाबांचा स्वभाव असा की परक्याच्या घरीही पहिल्या पाच मिनिटांत कुणाची तरी फिरकी घेतील. त्या दिवशी त्यांनी दार लोटून पाहिलं, बिजागऱ्या पाहिल्या, मग पिशवीतून ओळंबा काढून चौकटीच्या वरच्या टोकाशी दोरी धरली. खालचं वजन हलायचं थांबलं तेव्हा ते लाकडाला टेकायला हवं होतं. मध्ये माझी दोन बोटं मावत होती.

“दाराची काही चूक नाही, ताई,” बाबा म्हणाले. “चौकट वाकलीय. आणि चौकट आपली आपण वाकत नाही.” त्यांनी वर पाहिलं. “वरच्या खोलीत काय आहे?”

शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारातच उभे होते. म्हणाले, “मोडके बाक. लोखंडी कपाटं सहा. आणि त्याच्यावर गच्चीत नवी टाकी, पाण्याची.”

बाबांनी दोरी गुंडाळली. “चला बाहेर,” म्हणाले. “आणि हळू.”

दुसऱ्या दिवशी आत्या हेडसरांकडे गेली. हेडसर वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, पुढच्या पंधरवड्यात तपासणी होती, आणि माणूस दमलेला होता.

“बाई, तुम्ही इंग्रजी शिकवा, इमारत मी बघतो,” ते म्हणाले.

“सर, भिंत रोज सरकतेय. तारखा लिहिल्यात मुलीनं.”

“दहा वर्षांच्या पोरीच्या पेन्सिलीवरून मी शाळा बंद करू? दुरुस्तीसाठी दोनदा लिहिलंय मी वर. उत्तर आलं का? नाही. घाई असती तर आलं असतं.” मग आवाज खाली आणून, “आणि शाळेत सुतार आणून भिंती तपासायच्या, हे कुणाला विचारून केलंत? तो तक्ता जागेवर लावा बघू. तपासणीला भिंत तशी उघडी नको.”

आत्यानं तिथंच बसून अर्ज लिहिला, आवक नोंदवहीत तारीख आणि क्रमांक घालून घेतला, आणि पटांगणाच्या पार पलीकडच्या कुंपणाशी वर्ग भरवायला सुरुवात केली. तक्ता तिनं लावला नाही. हेडसरांनी तो मामांकडून लावून घेतला.

नऊ दिवस पाचवी ‘ब’ उन्हात बसली. इतर वर्गांतली मुलं खिडकीतून त्यांना चिडवायची. दोन पालक येऊन म्हणाले, आमची मुलं शाळेत शिकायला येतात की धूळ खायला? सहाव्या दिवशी हेडसरांनी कारणे दाखवा नोटीस हातात दिली. आत्यानं सही करून ती घेतली आणि मुलांना पुढचं क्रियापद सांगितलं. घरी मात्र तिचं कशातच लक्ष नव्हतं. जेवता जेवता थांबायची आणि कान द्यायची. आमच्या घराच्या भिंतींना काही झालेलं नव्हतं.

मामा रोज सकाळी ती खोली उघडत. खिडक्या उघडायच्या, झाडायचं, पंखा लावायचा, फळ्यावर तारीख घालायची. खोली वापरात दिसली पाहिजे, असा हेडसरांचा हुकूम. उघडून झालं की ते कुंपणाकडे येऊन बातमी देत. ते मोठे गमतीदार होते.

“बाई, आज खोलीनं नुसता घसा खाकरला.”

“बाई, आज तुमचा तक्ता खाली येऊन बसला होता. म्हणाला, थकलो.”

नवव्या दिवशी म्हणाले, “आज खिडकी उघडलीच नाही. बराच जोर केला. कुणीतरी आतून धरल्यासारखी.”

आत्या ऐकायची आणि मुलांकडे वळायची. ती मुलांना पुन्हा पुन्हा बजावायची, पाणी प्यायलासुद्धा त्या बाजूनं जायचं नाही. चेंडू गेला तर जाऊ द्या. पट्टीकडून तर तिनं शपथ घेतली होती, कारण पट्टीला आणखी एक रेघ मारायची होती. चाळीस मुलांना तिनं रोज सांगितलं. मामांना सांगावं हे तिच्या मनातच आलं नाही. ती म्हणायची, “ते सगळीकडेच जायचे गं. गच्चीत, गटारात, विजेच्या पेटीत. त्यांना कुणी कधी जाऊ नका म्हणालंच नव्हतं.”

दहाव्या दिवशी पावणेअकराच्या सुमारास मुलं दाटीवाटीनं बसून कंटाळली होती म्हणून आत्यानं त्यांना उभं केलं. टर्न. क्लॅप. बेंड. मग जम्प.

चाळीस मुलांनी एकदम उडी मारली आणि पाय जमिनीला लागले त्याच क्षणाला मागे इमारत कोसळली.

आवाज आधी की धक्का आधी, ते कुणालाच सांगता आलं नाही. पांढरी धूळ पटांगणभर आली आणि तिनं मुलांना झाकून टाकलं. त्या धुळीत एक मुलगा गळा काढून ओरडत होता, “बाई, आम्ही नाही केलं! बाई, आम्ही नाही!” पुढे कित्येक महिने ती मुलं खेळातही उडी मारायला तयार नव्हती.

आत्यानं मुलं मोजली. चाळीस. दुसऱ्यांदा मोजली. चाळीस. इतर वर्गांतली मुलं पलीकडच्या जिन्यानं बाहेर येत होती, सगळी येत होती, कारण पडली होती ती फक्त कोपऱ्यातली बाजू, पाचवी ‘ब’ आणि तिच्या वरचं सगळं. ती तिसऱ्यांदा मोजायला लागली आणि मग तिला किल्ल्यांचा जुडगा आठवला. त्या सकाळी मामा बातमी द्यायला आले नव्हते.

त्यांना काढायला सव्वा तास लागला. बाबाही धावत आले होते, आणि कुठलं लाकूड ओढायचं, कुठल्याला हात लावायचा नाही, ते तेच सांगत होते. मामा चौकटीखाली होते. चौकटीनं डोकं आणि छाती वाचवली. उजव्या पायावर लोखंडी कपाट होतं.

पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. मी आत्याबरोबर गेले आणि बाहेर बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. चौकशी करणारे अधिकारी आवाज न चढवता बोलणारे, सभ्य गृहस्थ होते. मुलांच्या वह्या त्यांनी मागवून घेतल्या होत्या.

“या खुणा तुमच्या?”

“हो.”

“द डोअर क्राइज. व्हेरी गुड. खाली सही, तारीख सतरा. द वॉल ईट्स माय स्केल. बरोबरची खूण. डस्ट फेल ऑन माय नेक. इथे तर दोन खुणा आहेत.” पानं उलटल्याचा आवाज. “पेन्सिल भिंतीत गेली आणि आली नाही. एक्सलंट. तुमचा अर्ज मात्र पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेचा. म्हणजे अठ्ठावीस दिवस. हेडसरांचं म्हणणं आहे की बाईंना महिनाभर ठाऊक होतं आणि त्यांनी आम्हाला उशिरा कळवलं.”

आत्याच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

“बाई, तुम्ही ही वाक्यं वाचली होतीत ना?”

“मी व्याकरण तपासत होते.”

“आणि अर्थ?”

मग आत्या म्हणाली, “अर्थ बरोबर होता.”

त्यांनी तिला पाणी दिलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पेन तसंच होतं, टोपण न लावलेलं, आणि तळहाताला हिरवी शाई लागली होती. आम्ही घराकडे निघालो. मी म्हटलं, आत्या, तुझ्यामुळे चाळीस मुलं वाचली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा ते वाक्य मी कधी उच्चारलं नाही.

हेडसर लवकर निवृत्त झाले. आत्याच्या सेवापुस्तकात लेखी ताकीद चढली. टाकी कुणी बसवली, कपाटं वर कुणी चढवली, याचा निकाल काही लागला नाही.

त्यानंतर दर रविवारी ती मामांकडे जायची. मामी पाण्याचा पेला तिच्यासमोर ठेवून आत निघून जात, बोलत नसत. मामा मात्र तसेच होते. एकदा मी बरोबर होते तेव्हा म्हणाले, “बाई, तुमचीही काय चूक म्हणा. तुम्ही पोरांना सांगत होता ते इंग्रजीत. आपल्याला कुठलं कळायला!” आणि खो खो हसले.

आत्या हसली नाही. म्हणाली, “आपल्या भाषेत सांगायला हवं होतं मी तुम्हाला. एकदा तरी.”

मामांचं हसू ओसरलं. “सांगितलं असतंत तरी गेलो असतो, बाई. किल्ल्या माझ्याकडे होत्या. हेडसर म्हणाले असते जा, की गेलो असतो.”

त्यांना वाटलं, यानं तिला बरं वाटेल. परत येताना ती रस्त्यात दोनदा थांबली. पाय दुखतात म्हणाली.

शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरू लागली आणि आत्यानं आणखी सात वर्षं पाचवीला शिकवलं. वह्या तपासायला आता तिला दुप्पट वेळ लागायचा. आधी ती पेन खाली ठेवून सगळी वाक्यं वाचायची, मग पेन उचलून क्रियापदं पाहायची. वाचून दाखवणं बंद झालं. एखाद्या वाक्यापाशी थांबली की दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मुलाच्या घरी जायची. एका मुलानं लिहिलं होतं, माय फादर स्लेप्ट अँड स्लेप्ट. ती धावतच गेली, तर वडील पाळीवरून आलेले, चांगले घोरत होते, आणि उठवलं म्हणून तिच्यावर उखडले. असं पुष्कळदा व्हायचं. बाई घरात नाक खुपसतात, अशा तक्रारी गेल्या. दोनदा मात्र ती गेली ते बरं झालं. त्या दोन घरांविषयी ती बोलायची नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

पट्टी पुढे शिकायला गेली, तिची पत्रं यायची. आत्या ती वाचायची, उत्तर लिहायची, पण चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही.

आत्याच्या निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मामा गेले. निरोप घेऊन त्यांची मुलगी सकाळीच आमच्याकडे आली होती. मामींनी पाठवलं होतं, बाईंना आधी सांग म्हणून. आत्या मामींकडे गेली. सहा वर्षांत पहिल्यांदा मामींनी तिला आत बोलावलं आणि दोघी जणी भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. मी दारातून पाहिलं. मामींनी आत्याचा हात हातात घेतला होता, आणि आत्या समोरच्या कोपऱ्यात ठेवलेल्या कुबड्यांकडे बघत होती.

मग ती उठली, शाळेत गेली आणि अकराचा तास घेतला.